वरून वाढलेली वीज

तुमच्या दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गाडीची बॅटरी चार्ज करायची आहे, रात्रीपुरता एक प्लग मिळेल का?", तर तुम्ही तिला आधी काय विचाराल? युनिट किती पडतील हे, की आडनाव? खरं उत्तर द्या, मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. इंदूरमध्ये खजराना मंदिराच्या अलीकडे आमची कॉलनी आहे. तिथे एका बाईंनी हा प्रश्न दारोदार विचारला होता, आणि युनिटबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

सगळी कॉलनी त्यांना 'गाडीवाल्या मॅडम' म्हणायची. वीज कंपनीत इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, उंच, केस बारीक कापलेल्या. त्यांची एक सवय पहिल्याच भेटीत नजरेत भरायची. कुठल्याही नव्या वस्तूला त्या आधी हाताची उलटी बाजू लावत. जिन्याचा कठडा असो, फाटकाची कडी असो, नाहीतर दुकानातला फ्रिज, आधी बोटांची मागची बाजू टेकायची आणि मग तळवा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तळवा लावला आणि करंट असला तर मूठ मिटते, माणूस चिकटतो. उलटा हात असला तर झटक्यात मागे येतो. नोकरीभर हेच केलं, आता सुटत नाही." मग हसल्या. "माणसांना पण मी आधी उलटाच हात लावते, बेटा."

आमच्या घराला मात्र त्यांनी फार लवकर तळवा टेकवला. मला सर्वांत जास्त लाज त्याचीच वाटते.

त्यांची गाडी म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करून थकलेली एक जुनी मिनीबस. ती विकत घेऊन त्यांनी आतल्या सीट काढल्या होत्या आणि जुन्या इंदुरातल्या एका वर्कशॉपमध्ये पलंग, ओटा, पंखा, छोटा फ्रिज, दिवे असं सगळं बसवून घ्यायला सुरुवात केली होती. काम सावकाश चाललं होतं. वर्कशॉपची गल्ली एवढी अरुंद की संध्याकाळी गाडी तिथे ठेवता येत नसे. म्हणून दिवसभर गाडी जुन्या इंदुरात, आणि संध्याकाळी आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर. त्या आत राहायच्याही. छतावर सोलरची पाटी होती, पण ढगाळ महिन्यांत ती पुरत नसे, आणि खाली होत्या पाण्याच्या जुन्या बॅटऱ्या. "ह्या बॅटऱ्या म्हणजे सरकारी बाबू," मॅडम म्हणायच्या. "सुरुवातीला चटचट घेतात आणि शेवटचा थोडा भाग भरायला रात्रभर लावतात." म्हणून प्लग हवा, आणि तोही रात्रभर.

गाडीत का राहता, हे विचारायला माझी जीभ धजत नव्हती. त्यांनीच एकदा सांगितलं. "ट्रान्सफरमध्ये जिंदगी गेली, क्वार्टरमध्ये राहिली. रिटायर झाल्यावर समजलं, क्वार्टर पोस्टला मिळतं आणि घर आडनावाला मिळतं. मकानमालिक लोक सगळं दाखवायचे, नळ पण चालू करून दाखवायचे. मग विचारायचे. मग त्यांचा भाचा अचानक बाहेरगावाहून राहायला येणार असायचा. इंदूरमधे कितने भांजे हैं, बाप रे!"

आमच्या दारातही आडनाव विचारलं गेलंच. पण आमच्या दारात एक गंमत झाली, आणि ती फक्त आम्हा इंदुरी मराठी माणसांनाच जमू शकते.

"जाधव? कोणते जाधव?" आईने विचारलं.

"महूचे."

"फौजेतले का?"

"हो. आजोबा सुभेदार होते."

आईचा चेहरा उजळला. तिच्या माहेरी कोणी एक पूर्वज दरबारच्या फौजेत होता आणि त्याची तलवार मामाकडच्या भिंतीवर आहे. फौज म्हटलं की तिला एकच फौज आठवते. "अहो, म्हणजे आपल्यातल्याच की! देवासच्या जाधवांकडे माझी आतेबहीण दिलीय. तुम्ही त्यांच्या कोण?"

"कोणीच नाही," मॅडम म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आईने तो विनय समजला.

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी 'जाधवताई' जिना चढून वर यायच्या, हॉलमधल्या टीव्हीशेजारच्या प्लगमध्ये आपला बोर्ड लावायच्या, वायर गॅलरीतून खाली सोडायच्या आणि मग आमच्यात बसून चहा प्यायच्या. आईचं आणि त्यांचं चांगलं जमलं. आईच्या मिक्सरची मोटर त्यांनी दुरुस्त केली. आई त्यांना भुट्ट्याचा कीस करून खाऊ घालायची आणि म्हणायची, "असा कीस तुमच्या महूत मिळणार नाही हं." त्या म्हणायच्या, "महूत मिळतो, ताई, पण तिथे शेव कमी टाकतात." इंदूरमध्ये कुठल्याही वादाचा निकाल शेवेवर लागतो.

बाबा त्यांच्याशी तासन्‌तास बोलायचे. माझे बाबा पत्रकं लिहितात. कॉलेजात शिकवत होते तेव्हापासून लिहितात: समतेवर, अंधश्रद्धेवर, जातीवर. मी चालायला शिकले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांना धरून. घडी घालायला शिकले तीही पत्रकांचीच. माझी वाक्यं आजही मधूनच उद्गारचिन्ह मागतात, ती सवय तिथलीच. त्या दिवसांत बाबांचं 'पाणी सर्वांचे' नावाचं पत्रक लिहून होत आलं होतं, आणि त्यातले परिच्छेद ते मॅडमना वाचून दाखवायचे. मॅडम ऐकायच्या, मान हलवायच्या.

एके संध्याकाळी चहा चालू असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि सहज, आपण हॅलो म्हणतो तितक्या सहज म्हणाल्या, "जय भीम, बोल."

आई त्याच वेळी किटलीतून चहा ओतत होती. तिचा हात थांबला नाही. कप भरला, बशीत सांडला नाही. मी तिच्याकडे पाहत होते म्हणून मला दिसलं, की तिने तो कप पुढे सरकवला आणि मग आपली बोटं पदराला पुसली. बोटं कोरडीच होती.

आईने काही तोडलं नाही. आमच्यासारख्या घरांत तोडत नाहीत, फक्त सोय बदलतात. दुसऱ्या दिवशी मॅडम फाटकापाशी आल्या तर आई गॅलरीतच उभी होती. "जिना कशाला चढता रोज, गुडघे दुखतील. मी लावते ना बोर्ड. वायर वरून सोडते." भाजीवाल्यासाठी आमची दोरीची टोपली आहे. त्या टोपलीतून थोड्या वेळाने चहाही खाली गेला. कागदी कपात. कागदी कपाचं बरं असतं. प्याला की चुरगळून सुक्या कचऱ्यात. आमचं शहर स्वच्छतेसाठी नावाजलेलं आहे. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि आता माणूसही वेगळा.

वायर तीच होती, गॅलरी तीच. फक्त मॅडम वर येत नव्हत्या. मला कळायला थोडे दिवस लागले. त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. आणि आईच्या तोंडी 'जाधवताई'च्या जागी 'त्या बाई' आल्या होत्या.

मग तो प्रसंग घडला. मी खाली फाटकाशी उभी होते. वरून वायर येत होती, टोक हवेत हेलकावे खात होतं. मॅडमनी ते नेहमीसारखं एका हाताने धरलं नाही. त्या किंचित वाकल्या, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि ओंजळ तोंडासमोर धरून वर पाहत म्हणाल्या, "वाढा."

आई वरून हसली. तिला वाटलं, चेष्टा.

"माझी आजी अशी पाणी प्यायची," मॅडम मला म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "पाटलाच्या घरची बाई वरून ओतायची. आजी म्हणायची, थोडं तरी नाकात जातंच. विजेचं हे बरं आहे बघ, नाकात जात नाही."

त्यांनी पिन लावली, गाडीतला छोटा दिवा हिरवा झाला, आणि त्या आत गेल्या. मला वर आमच्या घरात जाता येईना. पायरीवर बसून राहिले. तोंड इतकं तापलं होतं की शेजारच्या काकूंनी विचारलं, "क्या हुआ, बुखार है क्या?"

मग घरात जे व्हायचं ते झालं. मी भांडले. पत्रकांतली सगळी वाक्यं आईच्या अंगावर फेकली. ती म्हणाली, "मी काय केलं? वीज देते की नाही? चहा देते की नाही? तुझ्या बापाने नुसती पत्रकं वाटली, मी बिल भरते." बाबा म्हणाले, "अगं, तिच्या मनात तसं नसेल." आणि पुन्हा 'पाणी सर्वांचे' तपासायला बसले. हे सगळं सांगायला मी मॅडमकडे गेले, बहुतेक शाबासकीसाठी. त्या म्हणाल्या, "काय करून राहिलीस तू? मी नसताना माझ्यासाठी लढून राहिलीस? मला काय फायदा? चल, उद्या माझ्यासोबत वर्कशॉपला चल. मला बॅटरी बदलायची आहे."

त्यांचा निर्णय झाला होता. कोणाच्या दाराशी उभं राहायला लागू नये, एवढी वीज गाडीनेच गाडीला द्यायची. पाण्याच्या बॅटऱ्या काढून लिथियम बसवायची, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरवरून ती गाडी चालता चालता भराभर चार्ज होईल. वर्कशॉपमध्ये राजूभिया होता, चांगला कारागीर, पण घाईचा. त्याला वाटलं, जुनी काढा, नवी ठेवा, झालं. "मैडम, डायरेक्ट जोड़ देते हैं इंजन के आल्टरनेटर से. कुछ नी होता."

"होतं रे भिया," मॅडम म्हणाल्या. "मध्ये चार्जर लागतो. तो अजून आला नाही. थांब."

त्या मला घेऊन समोर चहाला गेल्या आणि राजूभियाने थांबण्याऐवजी डायरेक्ट जोडलंच. परत आलो तेव्हा इंजिन चालू होतं आणि बॉनेटमधून कुठलं तरी वार्निश जळल्यासारखा वास येत होता. मॅडम रागावल्या नाहीत. इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणाल्या, "हात लाव. उलटा लाव."

त्याने आल्टरनेटरजवळ बोटं नेली आणि झटकन मागे घेतली. "अरे बाप रे, जल रिया है ये तो!"

"इसने बोला तेरेको?"

"नी."

"हं. नहीं बोलेगा."

मग जुन्या टायरवर बसून त्यांनी मला समजावलं. पाण्याची बॅटरी भरत आली की स्वतःच हात आखडता घेते, म्हणून आल्टरनेटर वाचतो. लिथियम तशी नाही. ती भुकेली असते, जेवढं वाढाल तेवढं शेवटपर्यंत ओढते. "आणि आल्टरनेटर असतो भिडस्त. त्याला नाही म्हणता येत नाही. समोरचा मागतो, हा देतो. आतून तापतो, तारेची गुंडाळी, वायंडिंग, जळतं, पण तोंडातून शब्द नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक डीसी टू डीसी चार्जर लागतो. त्याचं काम एकच, 'बस, आता एवढंच' असं सांगायचं. त्याने सांगितलं की भांडण नाही, जळणं नाही." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुझे बाबा चांगले आहेत. पण भिडस्त आहेत. घरात वास येऊन राहिलाय, ते बोलत नाहीत."

आजवर मी बाबांना विचारवंत समजत होते, आणि ह्या बाईंनी जळक्या आल्टरनेटरशेजारी बसून त्यांच्यासाठी शब्द शोधून दिला होता. भिडस्त. आपल्याकडे हा शब्द कौतुकाने वापरतात. स्थळ सुचवतानासुद्धा सांगतात, मुलगा भिडस्त आहे हो.

आल्टरनेटरचं वायंडिंग पुन्हा भरून घ्यावं लागलं. चार्जर आला, जाड केबल टाकल्या, बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज बसवला. भिंतीच्या प्लगवरचा जुना चार्जरही त्यांनी काढून टाकला. तो जुन्या बॅटऱ्यांच्या हिशोबाने बनवलेला होता, नवीला चालला नसता. राजूभिया आता प्रत्येक स्क्रूआधी विचारायचा, "मैडम, लगा दूं?" आणि मॅडम म्हणायच्या, "लगा, लगा. इतना भी मत डर."

मधल्या काळात बाबांचं पत्रक छापून आलं. बाबा खास खाली आले, गाडीच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "प्रकाशनाला प्रमुख पाहुण्या म्हणून तुम्ही यावं, अशी आमच्या मंडळाची इच्छा आहे." मॅडमनी पत्रक हातात घेतलं, वाचलं, नीट घडी घातली. "साहेब, स्टेजवर बोलवून राहिलात. हॉलमध्ये कधी बोलवाल? तुमच्या घरचा हॉल म्हणतेय मी."

बाबांचे कान लाल झाले. ते "हो, हो, या ना केव्हाही" असं काहीतरी म्हणाले आणि वर गेले. केव्हाही म्हणजे केव्हा, ते ठरलं नाही. प्रकाशन झालं. पाहुणे दुसरे मिळाले.

गाडी तयार झाली त्या दिवशी मॅडमनी आम्हा तिघांना चहाला बोलावलं. गाडीत, त्यांच्या स्वतःच्या विजेवर. छोट्या शेगडीवर आधण ठेवलं होतं, पंखा फिरत होता, फ्रिज गुणगुणत होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला क्षणभर सगळं विसरायला झालं. स्टीलचे चार पेले धुऊन मांडले होते. बाबा आणि मी वर चढून पलंगावर बसलो. आईही आली. खाली आली, हे मी नमूद करते. पण गाडीच्या पायरीशी थांबली.

"या ना, ताई," मॅडम म्हणाल्या.

"नको हो. पाय धुळीचे आहेत."

"माझी गाडी तर रस्त्यावरच उभी आहे. या."

"आज चतुर्थी आहे ना. उपास आहे."

उपासाला चहा चालतो. आई चतुर्थीला दिवसभर चहावरच असते. हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आमच्याकडे इतक्या संध्याकाळी बसलेल्या मॅडमनाही माहीत होतं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि चौथ्या पेल्यातला चहा परत पातेल्यात ओतला.

बाबांनी चहा संपवला. उठताना ते मॅडमकडे झुकले आणि अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका. मला फार शरम वाटते."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "साहेब, हे मोठ्याने म्हणा ना. त्या इथेच उभ्या आहेत."

बाबा पेल्याच्या तळाकडे पाहत राहिले. मॅडमनी वाट पाहिली. उगाच दाखवण्यापुरती नाही, खरोखर पाहिली, एखादं यंत्र सुरू होतंय का म्हणून कान देऊन थांबावं तशी. माझ्याकडेही एकदा पाहिलं. मी घरात चार भिंती हादरवल्या होत्या. तिथे, त्या बाईंच्या समोर, आई हाताच्या अंतरावर असताना, माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. मला वाटलं, आता नको, निरोपाची वेळ आहे. निरोपाची वेळ नसती तर दुसरं काही सापडलं असतं.

"चला," मॅडम म्हणाल्या, पेले गोळा केले आणि पुढे जाऊन स्टीअरिंगवर बसल्या.

त्यांचा फोन येतो अधूनमधून. कधी नर्मदेच्या काठावर असतात, कधी सातपुड्यात. बॅटरी उत्तम चालली आहे, आता प्लग मागावा लागत नाही, हे आवर्जून सांगतात. मी विचारलं, "इंदूरला कधी येता?" म्हणाल्या, "येते की. परवाच येऊन गेली. बायपासने निघून जाते." हे त्या कडवटपणे बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. आई हल्ली विचारते, "जाधवताई कशा आहेत गं?" लांब गेल्यावर त्या तिच्यासाठी पुन्हा ताई झाल्या आहेत. बाबांनी नवं पत्रक लिहायला घेतलं आहे. मी त्याच्या घड्या घालायला नकार दिला आहे, पण तेवढ्याने मला बरं वाटायला नको, हेही मला कळतं.

म्हणून हे लिहिते आहे, आणि तुम्हाला एक काम सांगते आहे. तुमच्या घरात कोणीतरी, आई असेल, सासरे असतील, लाडके मामा असतील, एखाद्या माणसाला गोड बोलून दाराबाहेर थांबवत असतील, आणि ते तुम्हाला दिसत असेल, तर तो माणूस गेल्यावर घरातल्यांशी भांडू नका. त्याच्या कानात माफीही मागू नका. तो समोर उभा असताना, त्याला आणि घरातल्यांना दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोला. भाषणाची गरज नाही. दोनच शब्द पुरतात: "वर या." ते म्हणा, आणि जिन्यातून बाजूला व्हा.